मदत हवी आहे: ईयोबावर तरुणांना झेपेल असं मराठीत काही?

नमस्कार. साताऱ्यात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात सध्या बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, म्हणजे सगळं गमावलेल्या एका नीतिमान माणसाची गोष्ट, चाललंय आणि वर्ग घेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या दोन अध्यायांतच पोरं अडली. ईयोबाची परीक्षा घ्यायला देवानेच सैतानाला मोकळीक दिली, मग त्यात मेलेल्या ईयोबाच्या दहा लेकरांचं काय? शेवटी त्याला पुन्हा दहा झाली म्हणे, पण गेलेली कुठे परत आली? हे विचारणाऱ्या मुलीचा भाऊ गेल्या वर्षी वारला. तिला 'देवाची इच्छा' म्हणून कसं गप्प करणार?

जुना ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन म्हणतो, वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ १७१० मध्ये म्हणतो, शक्य असलेल्या जगांत हेच उत्तम. वर्गात ठीक आहे, मयताच्या घरी हे तोंडातून निघत नाही. सांत्वनाला आलेले ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस गप्प बसले तोवरच बरे होते! मला ३८वा अध्याय जास्त पटतो. पण तिथे देव वावटळीतून उत्तर देतो ते उलटे प्रश्न विचारूनच. पोरांना ती टाळाटाळ वाटते.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अखेरच्या काळात साताऱ्यातच 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला होता. त्यांच्या अभंगांत दुःखाबद्दलचे कोणते आहेत? आणि कुणी असा वर्ग घेतला असेल तर त्या मुलीशी कसं बोलू, तेवढं आधी सांगा. पुढचा वर्ग रविवारी उपासनेनंतर आहे.