जंतुनाशक, जंतुरोधक की निर्जंतुक?

(इंदूरच्या तिघांचं बोलणं. नावांऐवजी प्रत्येकाची वस्ती दिली आहे.)

रामबाग : आमच्या इमारतीत जिन्याच्या कठड्याला चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असलेला लेप लावणार आहेत. शेजारी लावायची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. हिंदीत 'रोगाणुरोधी' लिहून झालं, मराठीशी अडलेय. मुलगी म्हणते 'प्रतिजैविक लेप', सासूबाई म्हणतात 'जंतुनाशक' लिही, सगळ्यांना कळतं. शब्द चुकायला नको, कारण करोनात लिफ्टच्या बटणांवर एक पापुद्रा चिकटवला होता आणि वर चिठ्ठी होती, 'जंतुमुक्त'. मग पुसायचं कशाला, असं आमच्याच लोकांनी सफाईवाल्या ताईंना सांगितलं. कित्येक महिने ती बटणं कोणी पुसली नाहीत. घरात म्हातारी माणसं आहेत, मला ते अजून खुपतं.

लोकमान्यनगर : ताई, 'प्रतिजैविक' नकोच. तो शब्द पेनिसिलिनसारख्या औषधांसाठी पक्का झालाय. लोक म्हणतील, कठड्याला अँटिबायोटिक फासलं. 'निर्जंतुक'ही नको. ती अवस्था आहे, उकळलेल्या सुईची. कठडा निर्जंतुक केला तरी पहिला हात लागेपर्यंतच.

सुदामानगर : एक इंदूरची अडचण सांगतो. 'जंतू' म्हणजे मुळात जन्मलेला कोणताही जीव. हिंदीत तोच अर्थ राहिला, तिथे जंतुविज्ञान म्हणजे प्राणिशास्त्र. माझा नातू हिंदी माध्यमात आहे, त्याला 'जंतुनाशक' वाचून जनावरं मारायचं औषध वाटलं. उलट हिंदीतला 'कीटाणु' आपल्या घराघरांत शिरलाय, आणि मराठी कानाला त्यात आधी कीटक ऐकू येतो. तरी पाटी मराठीत आहे तर 'जंतू'च ठेवा. आपल्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ आक्रसलाय आणि तो आक्रसलेला अर्थच आपला आहे.

लोकमान्यनगर : काकांचं पटलं. आता 'नाशक' की 'रोधक', खरा पेच तिथे आहे. दोन्ही तऱ्हेचे पृष्ठभाग आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात तपासून झालेत, म्हणून तिथलं उदाहरण देतो. नोव्हेंबर 2000 पासून तिथे माणसं सलग राहतायत. खिडकी उघडायची सोय नाही, तीच हवा गाळून फिरवायची, घामाची वाफ पुन्हा पिण्याच्या पाण्यात. त्याआधीच्या रशियन मीर स्थानकात फळ्यांमागे पाण्याचे तरंगते गोळे सापडले होते, जंतूंनी भरलेले. बुरशी आणि जीवाणू नुसते माणसाला आजारी पाडत नाहीत, ते रबर, प्लॅस्टिक आणि धातूही खराब करतात. पृथ्वीपासून दूर यान चालवायचं तर ही फार गंभीर गोष्ट.

तर स्थानकातल्या शौचालयाच्या दारावर चांदी आणि रुथेनियम या धातूंचा लेप दिलेले पत्रे 19 महिने लावून ठेवले होते. 2019 साली निष्कर्ष छापून आले : साध्या पोलादापेक्षा त्यांच्यावर जीवाणू खूपच कमी सापडले. हा मारणारा पृष्ठभाग, म्हणजे नाशक. दुसरा फ्रेंच शास्त्रज्ञांचा 'मातिस' प्रयोग. त्यात पाणी झटकून टाकणारे पृष्ठभाग होते. अळवाच्या पानावर थेंब ठरत नाही ना, तसं. ओल टिकली नाही की जंतूही चिकटून वस्ती करणार नाहीत, असा त्यामागचा विचार. हा रोधक.

रामबाग : मग आमचा चांदीचा लेप नाशकच झाला की!

लोकमान्यनगर : रसायनाच्या हिशोबाने, हो. चांदीचे आयन जंतूचं आवरण बिघडवतात, प्रथिनांना चिकटून त्यांचं काम थांबवतात. पण याला वेळ लागतो, आणि चांदीला थोडी ओल लागते. कोरड्यात तांबं जास्त चांगलं काम करतं. शिवाय हाताचं तेल आणि धूळ यांचा थर बसला की जंतू वर आणि आयन खाली, गाठच पडत नाही. मराठीत 'जंतुनाशक' म्हटलं की डोळ्यांपुढे फिनेलची बाटली येते : ओतलं, मेले, संपलं. पाटी वाचणारा तेवढंच समजून निघून जाईल.

सुदामानगर : पण 'जलरोधक' म्हणजे पाणी अजिबात आत न येऊ देणारा. त्या चालीवर 'जंतुरोधक' म्हणजे जंतू येणारच नाही, असं नाही का होत?

लोकमान्यनगर : काका, 'गतिरोधक' आठवा. गाडी थांबत नाही, हळू होते. माझ्या मते कठड्याला तोच अर्थ लागू पडतो.

सुदामानगर : मान्य. तुम्ही तांब्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो, आमच्याकडे पाणी प्यायचा तांब्या स्टीलचा आहे आणि त्याला 'तांब्या'च म्हणतात. धातू गेला, शब्द उरला. पापुद्रा झिजल्यावर उरलेल्या 'जंतुमुक्त' चिठ्ठीचंही तेच.

रामबाग : आणखी एक. 'सार्वजनिक कठडा' लिहू की 'सामायिक'?

सुदामानगर : सामायिक. सार्वजनिक म्हणजे कोणाचंही, सामायिक म्हणजे ठरावीक लोकांचं मिळून. वाड्यातला नळ सामायिक असायचा, आणि तो घासायची पाळी ठरलेली असायची.

रामबाग : मग असं लिहिते : 'या सामायिक कठड्याला जंतुरोधक लेप आहे. तो रोज पुसावा लागतो.' खाली मजल्यांच्या पाळ्या. पहिल्या आठवड्यात आमचा मजला.