गच्चीवरची पवनचक्की: कामाची की नुसती हौस?

धायरीकर
घर टेकडीच्या अंगाला आहे. जुन्या बाजारातून ई-बाईकच्या चाकातली मोटर उचलली, सहा इंची पीव्हीसी पाइप कापून तीन पाती केली, व्यास दीड मीटर. त्यावर इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) जुनी बॅटरी चार्ज करतो. जो तो म्हणतो, सोलर लाव. अहो, आषाढात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हाच लाइट जातात आणि वारा सुटतो तोही तेव्हाच. जुलैत बॅटरीत दिवसाला १८-२० एएच पडतात. राउटर आणि ९ वॉटचा एक बल्ब, एवढ्यावर रात्र निघते. पुण्यात ज्याची गच्ची मोकळी आहे त्याने हे करावंच, असं माझं मत.

पेठेतला
आणि बाकीचे महिने? वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात वाढते, तशीच घनात पडते. तुमची पाती पावणेदोन चौरस मीटर वारा अडवतात. वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर त्यात मुळात २८ वॉटच्या आसपास असतात. त्यातलं किती काढून घेता येतं याची बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने घातलेली मर्यादा ५९.३ टक्के, ती मोठमोठ्या पवनचक्क्यांनाही गाठता येत नाही. पाइपच्या पात्यांना पाव हिस्सा मिळाला तरी नशीब समजा. म्हणजे ७ वॉट! बॅटरी १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॉट-अवरची. अकरा दिवस अखंड वारा हवा, मधली गळती वेगळीच. पवनचक्क्या साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर आहेत, शनिवार पेठेत नाहीत, ते काय उगाच?

धायरीकर
हेच गणित ६ मीटरला लावा की. वारा दुप्पट, ताकद आठपट, ५५ वॉट. घन काय फक्त तुमच्याच बाजूने बोलतो?

खालच्या मजल्यावरून
वॉटचं तुम्ही बघा, मी आवाजाचं सांगते. आमच्या वरच्यांनी असलंच प्रकरण कठड्याला पाइप आवळून बसवलंय. दिवसा कळत नाही. रात्री स्लॅबमधून गुरगुर उतरते आणि मांडणीवरची वाटी वाटीवर वाजत राहते. मी उठून मध्ये फडकं घालते, तर पेले सुरू. त्यात गेल्या मे महिन्यात पात्याचा तुकडा उडून पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटमध्ये घुसला. पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. सभेत विचारलं तर उत्तर काय, तर ‘पर्यावरण’.

भंगारप्रेमी
ताई, तुमची तक्रार रास्त आहे. खांब कठड्याला बांधायचाच नसतो.
करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चाकातली मोटर, म्हणजे हब मोटर, गिअरवाली घेऊ नका. माझी पहिली तीच निघाली. घरी आणून चाक पुढे फिरवतोय, फिरवतोय, मीटर शून्यच. आत सायकलसारखं एकाच दिशेने पकडणारं फ्रीव्हील असतं, चाक फिरतं आणि मोटर आपली गप्प. दुसरं, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा सोलरचा साधा कंट्रोलर जोडू नका. बॅटरी भरली की असले बरेचसे कंट्रोलर जोडणीच तोडतात, मग ओझं गेल्यावर चक्की उधळते. जास्तीची वीज उष्णता करून जाळायला एखादा जाड रेझिस्टर हवा. आणि वादळ दिसलं की मोटरच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडायच्या, चक्की जड होऊन रेंगाळते. मात्र हे वारा चढायच्या आत करायचं.
बाकी शेजाऱ्यांचं दुखणं जुनंच आहे. १८८७ मध्ये स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकाने घराच्या बागेत पवनचक्की उभारून बॅटऱ्या चार्ज केल्या, घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्याला देऊ केली, तर म्हणे गावाने ती सैतानाची करणी ठरवली.

पेठेतला
धायरीची टेकडी मान्य. माझा राग ‘पुण्यात’ या शब्दावर आहे. ते वाचून कोथरूडात तीन बाजूंनी इमारती असलेला कुणीतरी पाइप कापायला बसेल. तिथे वारा कठड्यावरून भोवरे घेत येतो, चक्की नुसती तोंड फिरवत बसते. त्यापेक्षा १०० वॉटचं पॅनल लावा, उन्हाळ्यात दिवसाला ४०० वॉट-अवर सहज देतं, आणि कुणाच्या वाट्या वाजत नाहीत.

धायरीकर
बरं, ‘पुण्यात’ खोडतो, ‘टेकडीवर’ लिहितो. पॅनल माझ्याकडेही आहे, चक्की त्याच्या जोडीला. आणि वहीत आहे ते सांगतो: डिसेंबरच्या आख्ख्या महिन्यात ११ एएच. म्हणून दिवाळीनंतर पाती उतरवून जिन्याखाली ठेवायला लागलोय. वटपौर्णिमेच्या सुमाराला परत चढवतो.

खालच्या मजल्यावरून
पाती उतरवता येतात? हे आमच्या वरच्यांना कुणी सांगितलंच नाही. थांबा, जाऊन येते.