प्ले थेरपीची पहिली वेळ: काय विचारायचं, काय न्यायचं

ए-३०४: नमस्कार, सोसायटीच्या ग्रुपवरच विचारते. शाळेतून ५ वर्षांच्या मुलासाठी प्ले थेरपी (खेळातून मुलाच्या मनावर उपचार) सुचवलीय. इथं कोल्हापुरातच, राजारामपुरीत शनिवारची वेळ मिळालीय. तिथं नेमकं काय करतात? त्याला काय सांगून न्यायचं? बी-४०१ मॅडम, सवडीनं सांगाल का?

ए-१०१: खेळायला पैसे मोजायचे? गल्लीत सोडा पोराला, आपोआप सरळ होतंय.

बी-४०१: सांगते वहिनी. आधी एक विनंती, शाळेनं का सुचवलं ते इथं लिहू नका. त्याच्या सगळ्या मित्रांचे आईबाबा याच ग्रुपवर आहेत.

पहिली भेट बहुतेक ठिकाणी मुलाशिवाय असते. फोन करून खात्री करा, नाहीतर तुम्ही बोलत राहाल आणि तो शेजारी बसून स्वतःच्या तक्रारी ऐकेल. पाऊण ते एक तास लागतो. बाळंतपण कसं झालं, चालायला-बोलायला कधी लागला, झोप, जेवण, शी-शू, वर्षभरात घरात काय बदललं (बदली, नवं बाळ, आजारपण, कुणी गेलं, दोघांतली भांडणं) हे सगळं विचारतात. भांडणं लपवायचा मोह होतो, पण मग मुलाच्या खेळातली रोजची मारामारी कुठून आली हे थेरपिस्टला कळायला दोन महिने जास्त लागतात. शाळेच्या वह्या, बाईंची चिठ्ठी, कान-डोळे तपासलेले कागद बरोबर असू देत.

उद्दिष्टं दोन-तीनच, लिहून घ्या. "सुधारला पाहिजे" याला उद्दिष्ट म्हणत नाहीत. "गेटवरचं रडणं अर्ध्या तासावरून ५ मिनिटांवर यावं" असं काहीतरी लिहा, म्हणजे पुढं मोजता येतं.

ए-३०४: दवाखाना म्हटलं की त्याला इंजेक्शनच आठवतं.

सी-२०२: शाळेत समुपदेशनाचं काम करतो म्हणून सांगतो. डॉक्टर म्हणू नका, आणि रंकाळ्यावर फिरायला चाललोय अशी थापही नको. आदल्या दिवशी एवढंच: "उद्या एका ताईंकडे जायचंय. त्यांच्याकडे खेळण्यांची खोली आहे. मुलांना राग आला, भीती वाटली की त्या मदत करतात. तू आत असशील तोवर मी बाहेर खुर्चीवर बसणार." आणि वहिनी, खरंच त्याच खुर्चीवर बसा. मधेच भाजी आणायला गेलात आणि त्यानं बाहेर डोकावलं, तर पुढच्या शनिवारी तो दारातच अडून बसेल.

जुने कपडे घाला, रंग-माती लागणारच. शू करवून, थोडं खाऊ घालून न्या. "शहाण्यासारखं वाग", "ताईंना सगळं सांग" हे मात्र नको.

बी-२०५: ओळखीतले एक जण म्हणत होते, थेरपिस्ट बाई आत काही करतच नाही. नुसती म्हणते, "तू गाडी वर चढवलीस."

बी-४०१: तेच तर काम आहे 🙂 व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४० च्या दशकात ही बालककेंद्री पद्धत मांडली. यात खेळ मूल ठरवतं, थेरपिस्ट मागं मागं जाते. "ही गाडी कुठल्या रंगाची?" असे प्रश्न नाहीत, "व्वा, छान" अशी शाबासकीही नाही. शाबासकी दिली की मूल तिला आवडेल तेच करायला लागतं, आणि जे बघायचं होतं ते राहून जातं. (काही थेरपिस्ट खेळ स्वतः ठरवून देतात. तीही पद्धत आहे, तुमच्या ठिकाणी कुठली ते विचारा.)

पण काहीही केलं तरी चालतं असंही नाही. समजा त्यानं लाकडी ठोकळा तिच्यावर उगारला. ती आवाज न चढवता म्हणेल, "तुला माझा राग आलाय. मी मारण्यासाठी नाही. त्या हवेच्या बाहुल्याला मारू शकतोस." आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय. हा क्रम घरीही वापरता येतो, फक्त आपण घरात मधलंच तेवढं बोलतो.

खेळणी तीन तऱ्हेची असतात. घर-बाहुल्या-भातुकली-डॉक्टरचा सेट, राग काढायला सैनिक, मगर, ठोसे मारायचा बाहुला, आणि माती, रंग, वाळू, पाणी. बॅटरीचं काही नसतं, कारण ते खेळणं स्वतःच खेळतं आणि मूल बघत बसतं. वाळूचा ट्रे साधारण ७२ बाय ५० सेंटिमीटर, ७ सेंमी खोल, आतून निळा रंगवलेला. वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसतं, मग त्यात नदी होते, विहीर होते, कुणीतरी बुडतं, कुणीतरी वाचवतं. प्रत्येक वस्तू दर वेळी त्याच फळीवर ठेवतात. ज्या मुलाच्या घरी सगळं हललेलं असतं त्याला ही एक खोली तरी न हललेली मिळावी, म्हणून.

आजोबा, गल्लीतला खेळ हवाच, त्याला तोड नाही. पण तिथं चार पोरांच्या नियमानं खेळावं लागतं. इथं एक मोठं माणूस तेवढा वेळ फक्त त्याच्याकडे बघतं.

ए-१०१: हे पटलं. किती दिवस चालतंय हे?

बी-४०१: आठवड्यातून एकदा, ४५-५० मिनिटं, लहानग्यांना अर्धा तास. वार आणि वेळ ठरलेली. संपायच्या ५ मिनिटं आधी मुलाला सांगतात. २००५ साली ९३ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात सर्वांत जास्त फरक ३५-४० सेशनच्या आसपास दिसला. प्रत्येकाला तेवढी लागतात असं नाही, पण चार शनिवारांत जादू होत नाही. १०-१२ सेशननंतर ती उद्दिष्टं काढून तपासा.

आता महत्त्वाचं. सुरुवातीची दोन-तीन सेशन मूल खोली चाचपतं, गुणी असतं. नंतर मर्यादा ताणायला लागतं, आणि याच सुमाराला घरी राग, चिकटणं, रात्री उठणं वाढू शकतं. "आधी बरा होता, तिकडं जाऊन बिघडला" म्हणत लोक इथंच बंद करतात. ही वाढ थेरपिस्टला लगेच कळवा. वरचेवर वाढतच गेली, किंवा मूल स्वतःला इजा करायला लागलं, तर तेवढ्यावर थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. सीपीआर या सरकारी रुग्णालयातही सोय आहे.

दुसरी खोट म्हणजे खाडे. नवरात्र, जोतिबाची यात्रा, लग्नसराई, आणि मधे तीन आठवडे गायब. मग दोन सेशन पुन्हा ओळख करण्यात जातात. सुट्टी असेल तर आधी सांगा, त्या मुलाला तशी कल्पना देतात. बंद करतानाही तसंच, तीन-चार सेशन आधी सांगून निरोप घ्यायचा असतो.

ए-३०४: आत काय झालं ते आम्हाला कळतं का?

सी-२०२: सूर कळतो, तपशील नाही. दर तीन-पाच सेशननंतर तुमची वेगळी बैठक मागा. "सध्या खेळात हरवून जाण्याची भीती येतेय" एवढं सांगतील, बाहुली काय म्हणाली ते नाही. अपवाद एकच, मुलाच्या जिवाला धोका किंवा अत्याचाराचा संशय. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लैंगिक अत्याचाराची खबर देणं बंधनकारक आहे.

बाहेर आल्यावर "काय खेळलास? ताई काय म्हणाल्या?" विचारू नका. "आलास? चल" बास. तुम्हाला काही कळवायचं असेल तर आदल्या दिवशी मेसेज करा. वेटिंगमध्ये त्याच्यादेखत गाऱ्हाणं नको. आणि "थांब, ताईंना सांगतो" अशी धमकी दिलीत की ती खोली त्याच्यासाठी पोलीस चौकी झालीच.

बी-१०३: ऑक्युपेशनल थेरपीकडून एक भर. बोलणं उशिरा आलं असेल तर आधी कानाची तपासणी आणि स्पीच थेरपी. आवाज, कपड्यांचे टॅग, गर्दी सहन होत नसेल तर आमच्याकडे. नुसता चंचलपणा असेल तर ६ वर्षांखाली आधी पालकांचं प्रशिक्षण. प्ले थेरपी सगळ्याला चालते म्हणणाऱ्यापासून जरा लांबच.

बी-४०१: अगदी. आपल्याकडे "प्ले थेरपिस्ट" अशी वेगळी सरकारी नोंदणी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नंबर मागा. बाकीच्यांना मूळ पदवी कुठली, प्रत्यक्ष मुलांबरोबर किती तास शिकल्या, अजून कुणाच्या देखरेखीखाली काम करतात का, हे विचारा. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट भिंतीवर छानच दिसतं. फी, आणि वेळ रद्द केल्यास किती कापतात, तेही फोनवरच.

ए-३०४: घरी आम्ही काही करायचं का?

बी-४०१: लगेच नको. पुढं थेरपिस्टच शिकवतील. बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी १९६० च्या दशकात आईवडिलांनाच हे शिकवायची पद्धत बसवली. आठवड्यातून एकदा अर्धा तास, वेगळा खोका, फोन दुसऱ्या खोलीत. खोक्यात माती, खडू, दोन-चार बाहुल्या, प्राणी, भातुकली. तो खोका एरवी कपाटावर ठेवायचा, रोज हाताशी राहिला की त्याचं वेगळेपण जातं.

ए-३०४: ह्यांची शनिवारी सकाळची शिफ्ट आहे. मी एकटी गेले तर?

बी-४०१: पहिल्या भेटीला नको. आजच फोन करून संध्याकाळची वेळ मागा, नाही मिळाली तर पुढचा आठवडा चालेल. दोघं जा.