दहा खोल्यांच्या गेस्ट हाऊसला २५० कोटींचा दंड?

बागावाला: लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळायचा डेटा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि दंड २५० कोटी! रिसेप्शनवर एक पोरगा, त्यालाच चेक-इन आणि त्यालाच चादरी. मोठ्या कंपन्यांना लावा, आम्हाला सूट द्या. आम्ही पाहुण्यांच्या आधारची झेरॉक्स विकत नाही, कपाटात ठेवतो.

मांडवीकाठ: 'पर्यंत' हा शब्द गिळलात. २५० कोटी ही कमाल मर्यादा, तीही सुरक्षेत हयगय केल्याबद्दल. कलम ३३ प्रमाणे दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाला चुकीचं गांभीर्य, ती पुन्हा पुन्हा झाली का, आणि दंडाचा तुमच्यावर काय परिणाम होईल, हे सगळं बघावंच लागतं. कपाटाची तर चिंताच सोडा. कायदा डिजिटल माहितीला लागतो, कागदी झेरॉक्सला नाही.

पण झेरॉक्स कपाटात जाण्याआधी काय होतं? पोरगा आधारचा फोटो काढून 'फ्रंट ऑफिस' ग्रुपवर टाकतो. तिथून तो आठ जणांच्या गॅलरीत उतरतो आणि बॅकअप चालू असेल तर त्यांच्या वैयक्तिक क्लाउडवर. जूनमध्ये सीझन संपला की पोरगा गावी, पाहुण्यांचे पासपोर्ट त्याच्या खिशात. हे झालं डिजिटल.

बागावाला: मग सी-फॉर्म कसा भरायचा? परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत द्यायला सरकारच सांगतं ना?

मांडवीकाठ: भरा की! कायद्याने सांगितलेलं काम म्हणून त्याला वेगळी संमतीही लागत नाही. पण सी-फॉर्म पोर्टलवर जातो, ग्रुपवर नव्हे. देशी पाहुण्याकडून मास्क्ड आधार घ्या, शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर डाउनलोड करताना मास्क्डची खूण करायची, बस्स. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, पुढे जन्मसाल. दोन्ही तुमच्या रजिस्टरात लिहिलेलंच असतं, हा भाग वेगळा.

सनदशोधक: हॉटेलं राहू द्या. याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) कापलं, त्यावर कोणी बोलत नाही. आधी वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा खासगीपणात विनाकारण ढवळाढवळ होत असेल तरच ती नाकारता यायची, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागायची. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की फाइल बंद. डोंगराच्या जमिनीचा झोन बदलून बांधकामाला मोकळी करायचा अर्ज कोणी केला, विचारून बघा!

कोर्टाच्या पायरीवर: अर्धवट सांगू नका. कलम ८(२) जिवंत आहे. जनहित जड असेल तर माहिती देता येते.

सनदशोधक: 'देता येते'! पूर्वी अपवादाच्या वाक्यातच जनहित होतं. आता पहिल्या पायरीवर नकार, मग अपील, मग आयोग. तेवढ्यात डोंगर कापून होतो, पात्रांव.

कोर्टाच्या पायरीवर: डोंगर डेटा कायद्याने नाही कापला. पण ठीक, जनहिताचं वजन करायला अधिकाऱ्याला भाग पाडणारं वाक्य गेलं, हे मान्य. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली आणि हे कलम मात्र लगेच लागू केलं, हेही मान्य. झालं समाधान?

सनदशोधक: उपकार झाले.

कोर्टाच्या पायरीवर: तुमचा राग चुकीच्या खिडकीवर आहे, एवढंच. खरी गोम ४४(२) मध्ये आहे. आयटी कायद्याचं ४३अ जाणार. त्यात निष्काळजी कंपनीकडून ग्राहकाला भरपाई मागता यायची. नव्या कायद्यात दंड सरकारी तिजोरीत. ज्याचा पासपोर्ट फुटला त्याला काय? 'तुमची माहिती फुटली' एवढा मेसेज.

बागावाला: म्हणजे पैसे आमचे, घेणार दिल्ली, पाहुणा कोरडाच! सूट द्या म्हणतो ते उगाच नाही.

मांडवीकाठ: सूट द्यायची सोय आहे. कलम १७(३) मध्ये सरकार स्टार्टअपसह काही व्यवसायांना काही कलमांतून वगळू शकतं. पण त्या कलमांच्या यादीत सुरक्षेचं ८(५) नाही. म्हणजे नोटीस देण्यातून सुटाल, माहिती सांभाळण्यातून नाही. बुकिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं असलं तरी ८(१) प्रमाणे जबाबदार तुम्हीच. माहिती फुटली तर मंडळाला आणि पाहुण्याला विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर ७२ तासांत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचे सहा तास वेगळे.

बागावाला: बरं बाबा, ग्रुप बंद करतो. पण त्या पोराच्या मोबाइलमधले जुने फोटो कोण पुसणार, तुम्ही?

मांडवीकाठ: पगाराचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी त्याच्यासमोर बसून पुसायचे. गॅलरी, ट्रॅश आणि क्लाउड, तिन्ही. ट्रॅश सगळे विसरतात.