मदत हवी आहे: पॅरोलच्या तोंडावर शिस्तभंगाची सुनावणी

माझा धाकटा भाऊ शिक्षा भोगतोय. पॅरोलवर विचार व्हायची वेळ आली आणि नेमका आता त्याच्यावर तुरुंगात शिस्तभंगाचा आरोप ठेवलाय. आरोप काय, हेही त्याला धड सांगितलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला ४१ वा नियम म्हणतो, आरोप कैद्याला समजेल अशा भाषेत विनाविलंब सांगावा, बचावाला पुरेसा वेळ द्यावा. हा नियम बंधनकारक नाही, तरी लेखी अर्जात त्याचा आधार घेतल्याने कुणाला उपयोग झालाय का? सुनावणीत त्याने साक्षीदार मागावेत का? आणि सगळ्यात मोठी काळजी: नुसता आरोप प्रलंबित असला तरी पॅरोल मंडळ तो विरोधात धरतं का? की शिस्तभंगाचा निकाल लागेपर्यंत पॅरोलची सुनावणी पुढे ढकलायला सांगणंच बरं? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.