मदत हवी आहे: कुरडया तांबूस पडतात, तळल्यावर नीट फुलत नाहीत

परभणीची_गच्ची

नमस्कार. वैशाखात नणंदेचं लग्न आहे. रुखवतात घरच्याच कुरडया ठेवायच्या, हे सासूबाईंनी फार आधी ठरवलं होतं. आजवर आमच्याकडची सगळी वाळवणं त्याच करायच्या. मी सोऱ्या फिरवायचे आणि गच्चीवर राखण बसायचे, एवढंच. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण सांगता येत नाही. यंदा चीक मी एकटीनं केला आणि तो बिघडला.

केलं ते असं. ३ किलो लोकवन गहू बोअरच्या पाण्यात भिजत घातला. सासूबाई ३ दिवस ठेवायच्या म्हणून मीही ३ दिवस ठेवला, रोज सकाळी पाणी बदललं. चौथ्या दिवशी मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटला. बारीक वाटला तर चीक जास्त निघेल असं वाटलं. (सासूबाई हातानं फिरवायच्या यंत्रात भरडायच्या. ते जड आहे, मला एकटीला फिरत नाही.) कापडातून गाळून रात्रभर ठेवला, सकाळी वरचं पाणी ओतून दिलं. जेवढा चीक तेवढं पाणी उकळायला ठेवलं, मीठ-हिंग घातलं, चीक ओतून हाटला. घट्ट झाल्याबरोबर उतरवला, कारण बुडाला लागायला लागला होता. कुरडया घालायला दुपारचे १२ वाजले.

वाळल्यावर त्या तांबूस-करड्या पडल्या. आंबूस वास येतो. उचलायला गेलं की मोडतात. तळल्या तर मधे फुलतात, पण कडा कडकच राहतात.

अजून एक सांगते, कुणाला अर्थ लागला तर बघा. मी चीक गाळत होते तेव्हा सासूबाई बाजेवर बसून बघत होत्या. त्यांनी खुणेनं चोथा मागितला, डाव्या हाताच्या बोटांत चोळला आणि नुसती मान हलवत राहिल्या. पुन्हा मागितला, पुन्हा तेच. मला वाटलं चोथ्याच्या भुसवड्या करायला सांगतायत. मी "हो, करते" म्हटलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसरे ३ किलो गहू आणून ठेवलेत. भिजवायच्या आधी विचारतेय, नेमकं कुठं चुकलं?

गोदाकाठ

पोरी, मी गंगाखेडची. तुझ्या सासूबाईंचं म्हणणं मला इथं बसून कळलं. तुझा चोथा पिठासारखा झाला असणार. चांगला चोथा बोटांत चोळला की गव्हाची सालं सुटी-सुटी लागतात, अख्खी दिसतात. त्या तुला तेच दाखवत होत्या, बाई. बारीक वाटू नको म्हणत होत्या.

आपल्याकडं उन्हाळ्यात ३ दिवस म्हणजे लई झाले. गारठा असला तर ३ ठीक. एवढ्या उन्हात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाणा दोन बोटांत दाब. पांढरं दूध पिचकन बाहेर आलं की झालं. पाणी सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बदलायचं. दिवस मोजू नको, दाणा बघ.

तिफण

ताई, मी परभणीच्याच अन्नतंत्र महाविद्यालयात शिकलेय, म्हणून थोडं कारणासकट लिहिते. काकूंनी वर सांगितलं ते अगदी बरोबर आहे.

कुरडईला हवा असतो तो गव्हातला स्टार्च. तो दाण्याच्या आत असतो, वर कोंड्याचं साल. भरडलं किंवा चिरडलं की साल मोठं राहतं आणि कापडावर अडकतं. मिक्सरचं पातं सालाचाही भुगा करतं, तो कापडातून खाली उतरतो आणि चिकात मिसळतो. तुमचा तांबूस रंग मुख्यतः तिथून आलाय. मिक्सरच वापरायचा तर भरपूर पाणी घालून थांबत-थांबत, ३-४ झटकेच द्या. उरलेला चीक चोथा पाण्यात कालवून हातानं पिळून काढा, दोनदा-तीनदा. जास्त वाटून जेवढा चीक मिळतो त्याहून हा जास्त आणि स्वच्छ निघतो.

भिजवण्यानं आंबणं सुरू होतं ते हवंच असतं. त्यानं गव्हातला चिवटपणा, म्हणजे ग्लुटेन, सैल पडतो आणि स्टार्च सुटा होतो. पण परभणीच्या एप्रिलमध्ये ते फार वेगानं होतं.

दुसरं, सकाळी वरचं पाणी ओतल्यावर खाली लगेच पांढराशुभ्र चीक होता का? बहुतेक त्यावर मऊ, करड्या रंगाचा एक थर असणार. तो पाण्याबरोबर जात नाही. चमच्यानं हलकेच खरवडून काढावा लागतो. खालचा घट्ट बसलेला पांढरा तेवढाच चीक धरा. वाटलं तर त्यात स्वच्छ पाणी घालून ढवळा आणि पुन्हा ४-५ तास बसू द्या.

तिसरं बोअरचं पाणी. तुमच्या पातेल्यांना आतून पांढरा थर धरतो का? तसं असेल तर पाणी क्षाराचं आहे, उकळल्यावर ते आणखी अल्कधर्मी होतं. गव्हातली काही रंगद्रव्यं अशा पाण्यात पिवळी पडतात. भिजवायला बोअरचं चालेल, पण शेवटचं धुणं आणि चीक शिजवणं जारच्या पाण्यात करून बघा.

आणि फुलण्याबद्दल. चीक घट्ट होणं म्हणजे शिजणं नाही. घट्ट व्हायला तो लवकर होतो, पण पाणी बेताचं असल्यामुळे आतपर्यंत शिजायला वेळ लागतो. कच्चा राहिला की वाळताना तडकतो आणि तेलात कडक राहतो. पूर्ण शिजलेल्या कुरडईत वाळल्यावरही थोडा ओलावा अडकलेला असतो, गरम तेलात त्याची वाफ होते आणि ती कुरडई फुलवते. जाड बुडाचं पातेलं घ्या, हाटून झाल्यावर गॅस अगदी बारीक करा, झाकण ठेवून १५-२० मिनिटं वाफ द्या. मधेमधे हाटत राहा. रंग पांढऱ्याचा काचेसारखा होतो, चकाकी येते, ओल्या बोटाला चिकटत नाही. मगच उतरवा.

माळवद

अंबाजोगाईहून. वहिनी, १२ वाजता घालू नका. आमची आई पहाटे चीक शिजवायला घ्यायची, सूर्य वर यायच्या आत निम्म्या कुरडया कागदावर असायच्या. दुपारच्या झळा लागल्या की वरून वाळते, आतून ओली राहते आणि मोडते. पहिल्या दिवशी संध्याकाळी उलटवा, मग दोन कडक उन्हं द्या. मीठ चव घेऊन जरा कमीच ठेवा, कुरडई वाळून आटते तेव्हा खारट होते.

परभणीची_गच्ची

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. "बारीक वाटू नको म्हणत होत्या" इथं आले तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या ३ किलोचं सांगते. मंगळवारी सकाळी भिजवला, गुरुवारी सकाळी दाणा दाबला तर दूध आलं. एक रात्र आधीच काढला, वास अजिबात नव्हता. मिक्सरचे तीनच झटके. चोथा सासूबाईंच्या हातात दिला, त्यांनी चोळला आणि परत माझ्या पुढ्यात ठेवला. मान हलवली नाही. करडा थर खरंच होता, चांगला बोटभर. मागच्या वेळी तो सगळा मी ढवळून शिजवला होता.

जार आणून चीक त्या पाण्यात शिजवला. एक वाटी मुद्दाम बोअरच्या पाण्यात वेगळी केली. दोन्ही शेजारी वाळत घातल्या, फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. बोअरच्या हळदीचं बोट लावल्यासारख्या, जारच्या पांढऱ्या. झाकून २० मिनिटं वाफ दिली. पहाटे ५ला सुरुवात केली, नणंद सोऱ्या फिरवायला होती. ८ वाजेपर्यंत सगळ्या कुरडया घालून झाल्या.

काल एक तळली. कढईभर झाली.

गरम चीक सासूबाईंना दूध-साखर घालून दिला, वाटीभर खाल्ला. पहिल्या खेपेच्या कुरडया टाकवत नाहीत, त्यांची कांदा घालून भाजी चालेल का? आणि रुखवतासाठी थोड्या गुलाबी-हिरव्या करायच्यात, रंग कधी घालायचा?

गोदाकाठ

आंबूस वास आहे म्हणतेस तर आधी मूठभर भिजवून बघ. वास गेला तर भाजी कर, नाही गेला तर मोह धरू नको. खाण्याचा रंग शिजलेल्या चिकाचा गोळा वेगळा काढून त्यात मळायचा, चमचाभर पाण्यात कालवून. उकळत्या पाण्यात घातलास तर सगळाच चीक रंगतो. रंगीत कुरडया वेगळ्या कागदावर आणि सावलीच्या कडेला वाळव, कडक उन्हात रंग उडतो. डबा भरायच्या आधी दोन दिवस घरात पसरून ठेव, गरम-गरम भरलीस तर डब्यात घाम धरेल.