गुडघा बदललेल्या आजींची मांडी गुडघ्याच्या वरच मोडली आहे: नेल, प्लेट की हिंज?

शाहूपुरी_ऑर्थो

आजी ७८ वर्षांच्या, कागलकडच्या. उजवा गुडघा नऊ वर्षांपूर्वी बदललेला, परवापर्यंत काठीशिवाय चालत होत्या. न्हाणीत ओल्या शहाबादी फरशीवर पाय सरकला. फीमर कंपोनंटच्या (मांडीच्या हाडावर बसवलेल्या कृत्रिम भागाच्या) पुढच्या फ्लँजच्या (पात्याच्या) वरच्या कडेपासून तिरकं फ्रॅक्चर वर गेलंय, म्हणजे सू वर्गीकरणात (बदललेल्या गुडघ्यावरच्या फ्रॅक्चरचे प्रकार) टाइप २. मेडियल (आतल्या) बाजूला चुरा. खालच्या तुकड्याचं तोंड मागे वळलेलं. पायाची नाडी चांगली लागते. कंपोनंट हललेला वाटत नाही. हिमोग्लोबिन ९.१, मधुमेह, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू.

लॅटरल (बाहेरच्या बाजूच्या) लॉकिंग प्लेटचा सेट कोल्हापुरात लगेच मिळतोय, रेट्रोग्रेड नेल (गुडघ्यातून वर हाडाच्या नळीत घालायची सळई) आणि हिंजचे (बिजागरीच्या कृत्रिम गुडघ्याचे) सेट पुण्याहून येणार. सवयीने प्लेटच लावली असती, पण मेडियल बाजू बघून धीर होत नाही. घरच्यांचा प्रश्न एकच, आजी उभ्या कधी राहणार? काय करावं?

जुना_प्लास्टर

आधी जुन्या ऑपरेशनची फाइल. नुसतं "फाइल आणा" म्हटलं की घरचे डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात. त्यांना सांगा, "बारकोडचे बारके स्टिकर चिकटवलेला कागद हवा." कंपनी, मॉडेल, साइज, सीआर (मागचा क्रूसिएट लिगामेंट ठेवलेला) की पीएस (तो काढून मधे धातूचा बॉक्स असलेला), सगळं त्यावर असतं. पीएसचा बॉक्स नीट काढलेल्या लॅटरल (बाजूने घेतलेल्या) एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतो, पण त्याचं छत उघडं की बंद आणि आत किती मिलिमीटर जागा, हे एक्स-रेवरून छातीठोक सांगता येत नाही. स्टिकरवरचं मॉडेल घेऊन कंपनीच्या कॅटलॉगात रुंदी बघा.

सीआरमध्ये मधली खाच मोकळीच असते. पीएसचं छत बंद असेल तर नेलचा विषय सहसा तिथेच संपतो. कार्बाइड बरने छत कापता येतं, पण धातूचा कीस सांध्यात पडतो आणि तो पूर्ण धुऊन निघत नाही. नेल १० मिमीची आहे म्हणून १० मिमीवर हिशेब करू नका. बऱ्याच नेलचं खालचं टोक दांड्यापेक्षा जाड असतं आणि एंट्री रीमर (नेलची वाट पाडणारं ड्रिल) त्याहून मोठा. जागा त्या आकड्याला पुरली पाहिजे.

दुसरी अडचण जागेची. पीएसमध्ये उघडी जागा नेहमीच्या एंट्री पॉइंटच्या मागे पडते. तिथून नेल घातली की खालचा तुकडा हायपरएक्स्टेन्शनमध्ये (मागे झुकलेला) जातो, आणि गॅस्ट्रोक्नेमिअस (पोटरीचा स्नायू) आधीच त्याला त्याच बाजूला ओढत असतो. म्हणून मांडीच्या खालच्या टोकाखाली चादरीची घट्ट गुंडाळी, गुडघा ४० ते ५० अंशांत, रिडक्शन (तुकडे जागेवर आणणं) लॅटरल एक्स-रेवर पाहून धरायचं आणि मगच रीम करायचं. शाफ्टमध्ये (हाडाच्या मधल्या भागात) नेल हाडाला सरळ करते, इथे करत नाही, कारण मेटाफिसिसची (हाडाच्या टोकाजवळच्या भागाची) नळी रुंद असते आणि नेल आत नुसती डुलते. गरज पडली तर नेल डुलू नये म्हणून तिच्या बाजूला ब्लॉकिंग स्क्रू.

आता प्लेट. मेडियल बाजूला चुरा असताना एकटी लॅटरल प्लेट म्हणजे एका बाजूने टेकू दिलेली भिंत. हाड वेळेत जुळलं तर ठीक, नाहीतर व्हॅरसमध्ये (आतल्या बाजूला वाकडं) बसतं किंवा काही महिन्यांनी प्लेट फ्रॅक्चरच्या जागीच तुटते. माझं मत नेल आणि प्लेट दोन्ही. नेल लेसर ट्रोकँटरपर्यंत (खुब्याखालच्या उंचवट्यापर्यंत) जाऊ दे, मधेच संपवलीत तर पुढचं फ्रॅक्चर तिच्या टोकाशी. प्लेटही लांबच घ्या आणि खालचे एक-दोन स्क्रू शक्य असेल तर नेलच्या भोकातून जाऊ द्यात, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरतात.

फक्त प्लेट लावायची वेळ आलीच तर सगळी भोकं भरायचा मोह टाळा. चुऱ्यासमोरची तीन-चार भोकं रिकामी, वर अंतर सोडून चार बायकॉर्टिकल (हाडाच्या दोन्ही भिंतींतून जाणारे) स्क्रू पुरतात. फार ताठ केलं की प्लेटच्या बाजूला कॅलसच (जुळवणारं नवं हाड) येत नाही. आणि प्लेट मागे सरकलेली असताना शाफ्ट तिच्याकडे ओढलात, तर खालचा तुकडा आत सरकतो. एपी (समोरून घेतलेल्या) एक्स-रेत गोल्फची काठी दिसते, ती ओटीतच (ऑपरेशन थिएटरमध्येच) ओळखा.

शाहूपुरी_ऑर्थो

स्टिकर मिळाला, सर. पीएस, उघडा बॉक्स, कॅटलॉगात रुंदी १५ मिमी. आपल्या नेलचा एंट्री रीमर १३, म्हणजे जाईल. हिंज तयार ठेवू का? आणि तोपर्यंत टिबियात पिन घालून ट्रॅक्शन द्यावं का?

जुना_प्लास्टर

पिन नको. खाली टिबियाचा कंपोनंट आहे, पिनच्या वाटेने जंतू आत गेले तर सगळाच गुडघा गमावाल. लांब स्प्लिंट, गुडघा थोडा वाकवून, टाच गादीला टेकणार नाही असं. टाचेचा फोड मधुमेहात महिनोन्महिने पुरतो.

हिंज, म्हणजे डिस्टल फीमर बदलणं, कंपोनंट सैल असेल किंवा तुकडा इतका लहान की स्क्रूला हाडच नाही, तेव्हा. फायदा एकच पण मोठा: दुसऱ्या दिवशी पूर्ण वजन. पण कोलॅटरल (गुडघ्याच्या बाजूचे) लिगामेंट गेले म्हणून हिंज लागतो, आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर मागे परतायला हाड उरत नाही, गोष्ट गुडघ्याच्या वरून पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. तुमच्या पेशंटला तो पहिला पर्याय नाही. सीटी करून सैलपणा बघा. पडण्याआधी गुडघा दुखत होता का, हेही विचारा. दुखत असेल तर सीआरपी (जंतुसंसर्गासाठीची रक्ततपासणी) आणि सांध्यातलं पाणी तपासल्याशिवाय काही घालू नका. नेलसाठी सांधा उघडालच, तेव्हा कंपोनंट हाताने हलवून बघा. जरा जरी शंका असेल तर हिंजचा सेट पुण्याहून त्याच गाडीत मागवा.

भूल_आणि_भान

क्लोपिडोग्रेलसाठी आठवडा थांबू नका. ते पाच-सात दिवस स्पायनलसाठी (पाठीतून द्यायच्या भुलीसाठी) मोजतात, ऑपरेशनसाठी नाही. जनरल द्या, सोबत फॅशिया इलियाका ब्लॉक (मांडी बधिर करणारं इंजेक्शन): ०.२ टक्के रोपिवाकेन ३० मिली. गुडघ्याच्या मागचा भाग त्याने सुटतोच असं नाही, हे नातेवाइकांना आधी सांगा. आजी खिळून पडल्या तर छाती भरते, पाठीला जखमा होतात आणि रात्री बडबड सुरू होते.

हिमोग्लोबिन ९.१ वर भुलू नका. मांडीत बरंच रक्त साठतं, दुसऱ्या दिवशीचा आकडा खरा. दोन पिशव्या क्रॉसमॅच करून ठेवा. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं) १ ग्रॅम शिरेतून, चीर देण्याआधी. आणि हिंजला वळलात तर सिमेंट भरायच्या आधी मोठ्याने सांगा. बीपी आणि सॅच्युरेशन नेमकं त्याच मिनिटाला पडतं.

ओटी_सिस्टर

एक राहिलं. रीमर पॉली इन्सर्टला (दोन कंपोनंटमधल्या प्लास्टिकच्या तुकड्याला) घासतो, स्लीव्ह लावूनही कधी कधी. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणि साइजचा जादा इन्सर्ट आधीच मागवा. दुसऱ्या कंपनीचा बसत नाही आणि ऐनवेळी कुठल्याही दुकानात मिळत नाही. स्टिकरचा फोटो पाठवताना लॉट नंबर नाही, कॅटलॉग नंबर स्पष्ट दिसू दे.

वॉकर_फिजिओ

"पायावर थोडंसंच वजन टाका" हे अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला जमत नाही. वजनकाट्यावर पाय ठेवून २० किलो दाखवलं तरी चार पावलांनंतर सगळं वजन पडतं, नाहीतर पाय उचलूनच धरतात आणि पुन्हा पडतात. म्हणून सर्जननी एकच सांगावं, पूर्ण वजन चालेल की नाही. नेल-प्लेट पक्की बसली असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करते. नुसती प्लेट असेल तर खुर्चीत बसवून गुडघा वाकवणं आणि क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) आवळणं तेवढं त्याच दिवसापासून, म्हणजे गुडघा आखडणार नाही.

घरच्यांना आजच सांगा: न्हाणीत रबरी मॅट, भिंतीला पक्का दांडा, कमोड किंवा कमोडची खुर्ची. भारतीय संडासात तो गुडघा आता बसणार नाही.

जुना_प्लास्टर

हाडांच्या औषधाचं डिस्चार्जच्या वेळी विसरू नका. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम आधी भरून काढा, क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ३५ च्या वर असेल तर झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिग्रॅ, पण फ्रॅक्चरनंतर निदान दोन आठवड्यांनी. आधीपासून ॲलेंड्रोनेट (हाडांचीच गोळी) वर्षानुवर्षं चालू असेल तर दुसरीही मांडी एक्स-रेत बघा, त्याने तिथे तडा गेलेला असू शकतो. फोटो सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, आणि दर वेळी मेडियल कॉर्टेक्स बघायचा. लॅटरल बाजू प्लेटखाली झाकलेली असते.

शाहूपुरी_ऑर्थो

नेलचा सेट आणि जादा इन्सर्ट सांगितला, उद्या सकाळच्या गाडीने येतोय. सीटी आज संध्याकाळी. आजी पडण्याआधी महिनाभर गुडघा दुखतोय म्हणत होत्या, हे मुलाला आत्ता आठवलं. सीआरपी पाठवलाय, सांध्यातलं पाणीही काढतोय. हिंजही त्याच गाडीत सांगतो.